निळं रान

बेकवेलच्या बाहेर, थॉर्नली हॉलच्या तबेल्यात
आता वर्कशॉप आहे. घोड्यांचा वास मात्र अजून जात नाही.
लांब टेबलावर पालथी पडलीय पाचशे वर्षांपूर्वीची शिकार,
लोकर, थोडं रेशीम, पुष्कळ धूळ,
आणि मी वाकडी सुई घेऊन
एका कुत्र्याचा मागचा पाय शिवते आहे.

सुलट बाजूनं रान निळं दिसतं.
उन्हानं पिवळा खाल्ला, मार्जोरी सांगते,
हिरव्यातून पिवळा गेला की निळं उरतं.
उलट बाजूला सगळं अजून हिरवं,
आत्ताच कुणी फांदी मोडल्यासारखं.
पण उलट बाजू भिंतीला बघायची असते.

मार्जोरी चाळीस वर्षं हेच वाचत आली आहे.
चष्मा कपाळावर सरकवते आणि बोटानं दाखवते,
कुत्रा म्हणजे निष्ठा.
हरीण म्हणजे प्रियकर, किंवा जीव, किंवा खुद्द देव,
पाहणाऱ्याची जशी गरज.
रानडुक्कर म्हणजे राग. झरा म्हणजे निर्मळपणा.
त्या बाईच्या मुठीतली दोरी म्हणजे लग्न,
इथं दरवेळी तिला हसू येतं.
आणि सगळं मिळून एकच सांगणं:
हरीण मारायचा हक्क ज्याचा, रान त्याचं.

आणि हा?
डावीकडे खाली, खांद्यावर जाळं,
पोटरीपर्यंत चिखल, एक डोळा उसवलेला?

ती वाकून बघते. बराच वेळ.
हा कशाचंच प्रतीक नाही गं.
कोपरा रिकामा दिसू नये म्हणून असतात असे.

मी तर त्याला ओळखते.
जाळं टाकायची ती तऱ्हा,
गुंता होऊ नये म्हणून अंगठ्यात अडकवलेलं शेवटचं टोक.
माझा आजा झुंबर काळे
गाईच्या आडून चालत जायचा काळविटापर्यंत.
काळविटाला वाटायचं, गाय चरतेय.
तित्तराची साद घालायचा
तर झुडपातून तित्तरच ओ द्यायचं.
त्याची शिकार कुणी विणली नाही.
लिहिली मात्र, सरकारी वहीत, नावापुढे:
जन्मानं गुन्हेगार.
मग सोलापूरला तारेचं कुंपण,
मग रात्रीची हजेरी, हजर साहेब,
पुढे कुंपण निघालं तरी
झोपेत कूस बदलताना, हजर साहेब.
तो कायदा ज्या दिवाणखान्यात सुचला असेल
तिथं भिंतीवर काय टांगलेलं होतं
हे मला उगाचच जाणून घ्यावंसं वाटतं.

एकदा चहाच्या वेळी मार्जोरीनं विचारलं,
पारधी म्हणजे काय?
म्हटलं, शिकारी.
ती म्हणाली, वा! म्हणजे घराणं मोठं असणार.
मी बिस्किट चहात बुडवलं,
ते तुटून तळाला गेलं.

आज डोळा करायला घेतला.
नियम असा, जे नव्हतं ते घालायचं नाही.
पण जुन्या टाक्यांची भोकं शिल्लक असतात,
भिंग धरलं की दिसतात.
मोजली. दोनदा मोजली.
तो हरणाकडे बघत नाहीये.
घोड्यावरच्यांकडेही नाही.
बुबुळ पार कडेला, चौकटीच्या बाहेर,
जिथून रान संपून बाकीचं काहीतरी सुरू होतं.
तपकिरीचे चार टाके, पांढऱ्याचे तीन.
गाठ मारायची नाही हाही नियमच.
मागून एक मारली, आज्याची,
ओढली तर आवळणारी, ढकलली तर सुटणारी.

बाहेर फेझंट ओरडला.
शनिवारच्या बंदुकांसाठी पाळलेले इथले फेझंट,
दाणे खाऊन इतके जड की नीट उडताही येत नाही.
मी सुई न सोडता ओ दिली.
तो पुन्हा ओरडला, जरा जवळून.
मी पुन्हा.

मार्जोरी झाडू घेऊन उठली, टेबलाखाली वाकली,
मग पडद्यामागं,
मग वर तुळयांकडे बघत म्हणाली,
आत शिरलाय वाटतं एक.